दूरचिकित्सा : अडथळा मानसिकतेचा की व्यवस्थेचा?

केंद्र शासनाच्या ‘ई-संजीवनी’ या दूरचिकित्सा सेवेने फेब्रुवारी २०२३ मध्ये दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. नोव्हेंबर २०१९ मध्ये आरंभ झालेल्या या सेवेने साडेतीन वर्षांच्या आत गाठलेली ही मजल कोणालाही अभिमान वाटावा अशीच आहे. ही प्रणाली मोहालीच्या सी-डॅक या आपल्याच संस्थेने घडविली. परकीय कंपनीच्या दारात त्यासाठी जावे लागले नाही. तिचा लाभ घेणाऱ्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत, ही त्याहून मोठी समाधानाची गोष्ट. परंतु त्याच वेळची राज्यवार आकडेवारी पाहिली की महाराष्ट्राला थोडे थांबून विचार करावा लागतो. त्या दहा कोटींत आंध्र प्रदेशाचा वाटा ३ कोटी १७ लाखांचा होता, तर महाराष्ट्राचा ४८ लाखांच्या आसपास. आंध्रची लोकसंख्या पाच कोटींच्या घरात आणि महाराष्ट्राची बारा कोटींच्या पुढे, हे लक्षात घेतले म्हणजे हा फरक अधिकच डोळ्यांत भरतो.

या फरकाचे कारण विचारले की बैठकांमधून एक ठरावीक उत्तर मिळते : “कर्मचाऱ्यांची मानसिकता बदलत नाही.” डॉक्टरांना पडद्यासमोर बसणे नको आहे, परिचारिकांना संगणक नको आहे, उपकेंद्रातील अधिकाऱ्यांना जादा काम नको आहे, असे हे निदान. ते सोयीचे आहे. कारण दोष एकदा मानसिकतेवर ढकलला की उपायही स्वस्तात भागतो. एक प्रशिक्षण शिबिर घ्यावे, एक परिपत्रक काढावे आणि उद्दिष्टाचा आकडा वाढवावा! पण मराठी परिचारिका तेलुगू परिचारिकेपेक्षा तिपटी-चौपटींनी भित्री किंवा आळशी आहे, असे कोणी गंभीरपणे म्हणू शकेल काय? त्याच परिचारिका आणि आशा कोविडच्या दोन वर्षांत दारोदार फिरल्या. प्राणवायूची पातळी मोजण्यापासून लसीकरणाच्या नोंदी भ्रमणध्वनीवर भरण्यापर्यंत प्रत्येक नवे काम त्यांनी शिकून घेतले. तेव्हा यंत्राचे भय हे त्यांच्या अनुत्साहाचे कारण असू शकत नाही. कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

दूरचिकित्सेची कल्पना आपल्याकडे नवी नाही. आंध्रच्या चित्तूर जिल्ह्यातील अरागोंडा या खेड्यातले केंद्र २००० साली सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी इस्रोने उपग्रहाच्या साहाय्याने ते चेन्नईच्या मोठ्या रुग्णालयाशी जोडले. त्या दशकात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाशी सिंधुदुर्ग, नंदुरबार, सातारा अशी जिल्हा रुग्णालये जोडण्याचा प्रयोग महाराष्ट्रानेही केला. उपग्रह आपला होता, तज्ज्ञ आपले होते, रुग्ण तर होतेच. तरीही ही व्यवस्था जिल्ह्याच्या ठिकाणाहून खाली पाझरली नाही. तेव्हाही चर्चा चालली ती तरंगलांबीची, पडद्याच्या आकाराची आणि जोडणीच्या वेगाची. पडद्याच्या दोन्ही बाजूंना जी माणसे बसणार होती, त्यांना काय वाटते हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

वैद्यकाचा इतिहास पाहिला तर यंत्राविषयी संशय हा काही भारतीय डॉक्टरांचाच विशेष नव्हे. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या वैद्याने कागदाची सुरळी करून तिच्यातून एका स्त्रीचे हृदय ऐकले. छातीला कान लावणे प्रशस्त वाटेना म्हणून काढलेली ती तोड होती. त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. थोडक्यात, आज ज्या नळीला डॉक्टरांची ओळख मानले जाते, ती मुळात रुग्ण आणि वैद्य यांच्यात अंतर ठेवण्यासाठीच निघाली होती. तिला रुळायला वेळ लागला. परंतु एक गोष्ट विसरता कामा नये : नळी आली तरी रुग्ण डॉक्टरच्या हाताच्या टप्प्यातच राहिला. दूरचिकित्सेत नेमका तोच टप्पा नाहीसा होतो.

वाग्भटाने अष्टांगहृदयात रोग्याच्या परीक्षेची तीन अंगे सांगितली आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. आधुनिक वैद्यकाचा विद्यार्थीही वेगळ्या शब्दांत हेच शिकतो. दूरचिकित्सेला या त्रिविध परीक्षेच्या कसोटीवर घासून पाहिले तर डॉक्टरांची अडचण चटकन कळते. प्रश्न पडद्यावरून विचारता येतो. दर्शन अर्धेमुर्धे होते. डोळ्यांतला पिवळेपणा उपकेंद्राच्या नळीदिव्याच्या उजेडात कॅमेऱ्यातून दिसेलच, याची हमी कोण देणार? आणि स्पर्शन तर मुळीच नाही. पोट कोठे कडक आहे, पायावरची सूज दाबल्यावर खळगा राहतो की नाही, बाळाच्या तळव्यांना थंडी वाजल्यासारखा गारठा आहे काय, हे पडदा सांगत नाही. तीस वर्षे बोटांच्या टोकांवर विश्वास ठेवून निदान करणारा डॉक्टर या ठिकाणी अडखळतो, तेव्हा त्याला प्रतिगामी म्हणणे अन्यायाचे आहे. तो अडखळला नसता तरच काळजी वाटली असती.

शहरी डॉक्टरांच्या संकोचाला आणखी एक पदर आहे, तो कायद्याचा. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले होते. जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रत्नागिरीतील एका प्रकरणात डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. प्रसूतीनंतर प्रकृती बिघडलेल्या महिलेचा मृत्यू झाला होता. डॉक्टर त्या वेळी रुग्णालयात नव्हते आणि उपचार दूरध्वनीवरून सांगितले गेले होते. निदानाविना औषधयोजना हा दंडनीय निष्काळजीपणा ठरतो, असा त्या आदेशाचा आशय. प्रकरणाच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. पण त्याचा परिणाम असा झाला, की दूरध्वनीवर औषध सांगायला राज्यातील डॉक्टर कचरू लागले. पुढे २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्राने दूरचिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि दूरस्थ सल्ल्याला प्रथमच स्पष्ट वैधता दिली. कोणती औषधे केवळ ध्वनिसंवादावर देता येतील, कोणती पहिल्या भेटीत चित्रसंवादाशिवाय देता येणार नाहीत आणि कोणती कदापि देता येणार नाहीत, याच्या याद्याही तीत आहेत. आयुर्वेद व होमिओपॅथीसाठीही त्याच वर्षी स्वतंत्र तत्त्वे आली.

ही तत्त्वे चांगली आहेत, यात वाद नाही. मात्र त्यांतील एक कलम शांतपणे वाचावे. दूरस्थ सल्ला पुरेसा आहे की रुग्णाला प्रत्यक्ष पाहणे आवश्यक आहे, हे डॉक्टरने आपल्या व्यावसायिक विवेकाने ठरवायचे आहे, आणि वाटेल त्या क्षणी सल्ला थांबविण्याचा अधिकारही त्याला आहे. अधिकार उदार आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी, की निर्णय चुकला तर त्याची जबाबदारी संपूर्णपणे त्याच्याच डोक्यावर. जेथे शंभर किलोमीटरच्या आत विशेषज्ञच नाही, तेथे ‘प्रत्यक्ष दाखवा’ एवढेच म्हणून हात झटकणारा डॉक्टर कायद्याने सुरक्षित राहतो आणि धोका पत्करून उपचार सांगणारा अडचणीत येऊ शकतो. अशा वेळी सावध माणूस कोणता मार्ग निवडील, हे सांगायला ज्योतिषाची गरज नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे आचारनियम आणले. त्यांत दूरचिकित्सेचाही समावेश होता. तीन आठवड्यांत ते स्थगित झाले आणि २००२ च्या जुन्या नियमांवरच कारभार सुरू राहिला. नियमच असे येऊन-जाऊन करू लागल्यावर सामान्य डॉक्टरने त्यांच्यावर किती विसंबावे?

येथे मध्यमवर्गीय घरांनीही आपल्याकडे जरा पाहायला हवे. आपल्या कुटुंबाच्या डॉक्टरला रात्री अकरा वाजता रक्ततपासणीचा अहवाल व्हॉट्सॲपवर पाठवून “जरा बघता का?” असे विचारणे, ही आता रीतच पडली आहे. ही दूरचिकित्साच नव्हे काय? तिची नोंद राहत नाही, तिचे शुल्क कोणी देत नाही आणि उत्तर सकाळपर्यंत आले नाही तर नाराजी मात्र होते. डॉक्टरच्या दृष्टीने दूरचिकित्सा म्हणजे विनामोबदला, विनानोंद आणि विनाविश्रांती काम, ही समजूत शासकीय योजनेने नव्हे, तर सुशिक्षित घरांनी रुजविली आहे. समाजाने ज्या सेवेचे मोल कधी ओळखले नाही, तिच्याविषयी डॉक्टरांच्या मनात उत्साह नसावा, यात नवल ते काय?

परंतु या साऱ्या विषयाचे खरे केंद्र शहरात नाही. ते उपकेंद्रात आहे.

डोंगराळ आणि वनवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा देशाचा ठरलेला निकष. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेखाली तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. महाराष्ट्रात या अधिकाऱ्यांत आयुर्वेद पदवीधरांचा मोठा भरणा आहे. साडेपाच वर्षांचे शिक्षण घेतलेला हा तरुण किंवा तरुणी कंत्राटी नेमणुकीवर गावात येते आणि तिच्यापुढे संगणक ठेवून सांगितले जाते, की रुग्ण दिसला की त्याला पलीकडच्या डॉक्टरला दाखवायचे. ज्या रुग्णाचा साधा खोकला ती स्वतः पाहू शकते, त्याच्यासाठीही ! कारण अनेक ठिकाणी दिवसाकाठी इतके सल्ले झालेच पाहिजेत, असा वरून लकडा असतो. आकडा भरण्यासाठी केलेला सल्ला आणि गरजेपोटी केलेला सल्ला यांत संगणक फरक करीत नाही. रुग्ण मात्र करतो, आणि ती अधिकारीही करते. आपल्या ज्ञानाचा उपयोग होत नाही, आपण केवळ जोडणी करून देणाऱ्या कारकून आहोत, ही भावना एकदा मनात बसली की कोणतेही शिबिर ती काढू शकत नाही. आंध्रच्या मोठ्या आकड्यांकडे पाहतानाही हे भान राखावे. संख्या हे यशाचे एक माप आहे, एकमेव नव्हे.

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातील एखादे उपकेंद्र डोळ्यांसमोर आणावे. पावसाळ्यात वीज दिवसदिवस जाते; जोडणी टेकडीच्या एका बाजूला मिळते, दुसऱ्या बाजूला मिळत नाही. हे अडथळे सर्वांना ठाऊक आहेत आणि पैसा खर्चला तर दूरही होतील. पलीकडचे अडथळे मात्र कोणत्याही निविदेत येत नाहीत. रुग्ण स्त्री पावरी किंवा भिलोरी बोलते. पडद्यावरचा डॉक्टर प्रमाण मराठीत विचारतो, “दुखणे टोचल्यासारखे आहे की जळजळल्यासारखे?” हा प्रश्न आशाताई तिच्या बोलीत सांगते, उत्तर परत मराठीत आणते. या दोन फेऱ्यांत दुखण्याचा कितीसा अंश शाबूत राहत असेल? त्यातून तक्रार पांढरे जाण्याची किंवा मासिक पाळीची असली तर ती बाई पडद्यावरच्या अनोळखी पुरुषाकडे पाहून मानच खाली घालते. आरोग्य कर्मचाऱ्याने सल्ला सुरू केला असेल तर रुग्णाची स्पष्ट संमती घ्यावी, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. एकाच खोलीत लसीकरण, वजनकाटा आणि संगणक, दाराशी दहा माणसे, अशा ठिकाणी संमती तरी कोणत्या आवाजात विचारायची? एक पडदा लावलेला कोपरा आणि पलीकडे एक स्त्री डॉक्टर, एवढ्याने जे साधेल ते कित्येक लाखांच्या उपकरणांनी साधणार नाही.

मग येते औषध. पलीकडचा डॉक्टर संगणकावर चिठ्ठी उमटवतो. त्यातले एखादे औषध उपकेंद्राच्या कपाटात नसते आणि सर्वांत जवळचे औषधाचे दुकान तालुक्याच्या गावी. जो शेतमजूर एका दिवसाची मजुरी बुडवून आला, तो चिठ्ठी हातात घेऊन समोरच्या माणसाकडे पाहतो. राग पडद्यावर निघत नाही. तो निघतो समोरच्या ताईवर. पुढच्या खेपेस ती त्याला “डॉक्टरांशी बोला” म्हणते तेव्हा तिच्याच आवाजात जोर नसतो. याला ‘मानसिकता’ म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे, पण ती अनुभवाने घडलेली आहे.

तिच्या मनातली सर्वांत खोल भीती याहून वेगळी आहे. स्पर्शनाचे काम तिच्या हातांनी होते. पलीकडचा डॉक्टर विचारतो, “पोट दाबून पाहा, कडक लागते का?” ती दाबते आणि सांगते. निदान डॉक्टरच्या नावावर पडते. पण ते उभे असते तिच्या बोटांवर. तिला हे पोट तपासणे पुरेसे शिकविले आहे काय? तिने सांगितले त्यात चूक निघाली तर जबाबदारी कोणाची? २०२० च्या तत्त्वांत आरोग्य कर्मचारी आणि डॉक्टर यांच्यातील संवादाचा स्वतंत्र विचार आहे, पण उपकेंद्रातल्या तरुणीला समजेल अशा भाषेत तिच्या जबाबदारीची हद्द कोणी आखून दिलेली नाही. गावात बाळ दगावले तर लोक संगणकाला जाब विचारायला येत नाहीत. तिची नोकरी कंत्राटी, राहणे त्याच गावात; तिच्या पाठीशी कोण उभे राहणार, हे तिला ठाऊक नाही. म्हणून शंका आली की ती पडदा सुरूच करीत नाही. रुग्णवाहिकेला दूरध्वनी करते. तिच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे. त्यातून पन्नास किलोमीटर हेलकावे खात जाणाऱ्या गरोदर बाईच्या दृष्टीने मात्र ते तसे असेलच असे नाही.

पलीकडच्या डॉक्टरचीही बाजू आहे. पुष्कळदा तो आपली बाह्यरुग्णसेवा सांभाळून, घड्याळाकडे पाहत पडद्यासमोर बसलेला असतो. रांगेत जो रुग्ण येईल तो त्याने पाहायचा. आज एका जिल्ह्यातला, उद्या दुसऱ्या. त्या गावात काय मिळते, वाट कशी आहे, तेथे कोणता ताप सध्या पसरला आहे, यांतले त्याला काही माहीत नसते. आणि ज्याला सल्ला दिला तो बरा झाला की नाही, हे त्याला कधीच कळत नाही. वैद्याच्या ज्ञानात भर पडते ती फेरतपासणीला आलेल्या रुग्णामुळे. ती वाटच बंद असेल तर या कामात डॉक्टरला गोडी कशी वाटावी?

हे सारे असेच असावे लागते काय? तसे नाही. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने तामिळनाडूच्या खेड्यांतून दृष्टी केंद्रे उभारली आहेत. तेथे बसतात त्या परिसरातल्याच, शालेय शिक्षणानंतर दोन वर्षे कसून शिकविलेल्या मुली. डोळा त्या स्वतः तपासतात, यंत्रातून प्रतिमा घेतात, नोंद करतात आणि मग मुख्य रुग्णालयातील डॉक्टर चित्रसंवादावर रुग्णाशी बोलतो. चष्मा तेथेच मिळतो. शस्त्रक्रिया लागलीच तर कोठे जायचे हे ठरलेले असते. आरंभीच्या काळात थेनी भागात तर केबल किंवा उपग्रह परवडत नाही म्हणून लांब पल्ल्याच्या वायफायवर हे काम चालविले गेले. म्हणजे तंत्र जेमतेमच होते. पण त्या मुलीचे काम काय आणि डॉक्टरचे काय, यांविषयी संदिग्धता नव्हती. स्पर्शनाचे काम तिचे, हे मान्य करून तिला ते शिकविले गेले. दूरचिकित्सेविषयी तिच्या मनात अढी नाही, कारण त्या व्यवस्थेत तिची प्रतिष्ठा वाढली आहे.

दुसरे उदाहरण ‘टेली-मानस’चे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. मन चाचपावे लागत नाही, ऐकावे लागते. म्हणून येथे स्पर्शनाची उणीव फारशी भासत नाही, उलट तोंड न दाखविण्याची मुभा हीच सोय ठरते. पडदा कोठे लागू पडतो आणि कोठे नाही, हे रोगपरत्वे ठरवावे लागेल. मधुमेह, रक्तदाब, त्वचाविकार, मानसिक आजार, शस्त्रक्रियेनंतरची विचारपूस यांत तो चांगला चालतो. तीव्र पोटदुखी आणि तापाने मलूल झालेले अर्भक यांत तो फक्त पाठविण्याचा निर्णय लवकर घेण्यापुरता.

ग्रामीण भागाचे वास्तव कठोर आहे. २०२१-२२ च्या केंद्रीय अहवालानुसार देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत आवश्यकतेच्या सुमारे ८० टक्के विशेषज्ञ कमी होते. ही दरी नव्या महाविद्यालयांनी भरून निघायला एक पिढी जाईल. तोवर धडगावच्या बाईला स्त्रीरोगतज्ज्ञ भेटणार असेल तर तो बहुधा पडद्यावरच. म्हणूनच कर्मचाऱ्यांच्या नाराजीची दखल त्यांना समज देण्यासाठी नव्हे, तर त्यांचे ऐकून घेण्यासाठी घेतली पाहिजे.

त्यासाठी करायच्या गोष्टी फार अवघड नाहीत. एका तालुक्याला नेहमी तेच दोन-तीन डॉक्टर नेमून द्यावेत, म्हणजे उपकेंद्रातली ताई त्यांना नावाने ओळखील आणि तेही तिच्या हाताचा अंदाज घेऊ लागतील. त्या डॉक्टरांनी वर्षातून दोनदा तरी त्या उपकेंद्रात प्रत्यक्ष जाऊन यावे. पडद्यासमोरचा वेळ त्यांच्या कामाच्या तासांत धरला जावा; इतर काम आटोपून उरलेल्या वेळातली ती भर नसावी. दिवसाच्या सल्ल्यांचे उद्दिष्ट रद्द करावे. शासनाच्या सूचनेनुसार, सद्बुद्धीने काम करणाऱ्या कर्मचाऱ्याचा कायदेशीर बचाव शासन करील, हे लेखी दिले जावे. आश्वासन म्हणून नव्हे, नेमणूकपत्रातले कलम म्हणून. स्थानिक सेवाभावी मंडळींना काही करायचे असेल तर संगणक भेट देण्याआधी जवळच्या उपकेंद्रात जाऊन पडद्याचा कोपरा आहे काय, बोली जाणणारी कोणी गावातली मुलगी सल्ल्याच्या वेळी बसू शकते काय, एवढे विचारून यावे.

आणि एक साधी नोंद सुरू व्हावी. आज चिठ्ठी उमटली की सल्ला ‘पूर्ण’ झाला, असे समजले जाते. त्या चिठ्ठीपुढे आठ दिवसांनी भरायचा एक रकाना असावा : औषध मिळाले काय, रुग्णाला उतार पडला काय. तो रकाना उपकेंद्रातल्या ताईने भरावा आणि त्याची प्रत पलीकडच्या डॉक्टरला जावी.